उरलेली वायर

त्याला सगळे ‘मालक’ म्हणायचे. आता मालक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर सुटलेलं पोट आणि हातात किल्ल्यांचा जुडगा असलेला माणूस आला असेल, तर तो आधी पुसून टाका. हा मालक सलूनमध्ये केस कापायचा, आणि ज्या खुर्चीमागे उभा राहून कापायचा तीसुद्धा त्याची नव्हती. सलून शेठचं, खुर्ची शेठची, समोरचा आरसा शेठचा. मालक महिन्याच्या महिन्याला खुर्चीचं भाडं द्यायचा आणि दिवसभर तिच्यामागे उभा राहायचा. तिच्यावर तो बसलेला कुणी पाहिला नव्हता.

नाव पडलं ते त्याच्याच तोंडामुळे. गिऱ्हाईक दारात दिसलं की तो टॉवेल झटकायचा आणि म्हणायचा, “या मालक, बसा मालक.” शाळकरी पोरगं आलं तरी मालक, काठी टेकत आजोबा आले तरी मालक. म्हणता म्हणता ते नाव उलटून त्यालाच चिकटलं. ज्याच्या मालकीचं सगळं होतं तो शेठसुद्धा गल्ल्यावरून ओरडायचा, “मालक, जरा फुंकर मारा त्या मशीनला, केस अडकलेत.”

जन्मभर त्याचं सगळं असंच चाललं. लग्न झालं तेव्हा भाड्याची खोली, मग जरा मोठी भाड्याची खोली, मग स्वयंपाकघर वेगळं असलेल्या दोन भाड्याच्या खोल्या. सायकल भाड्याची. बायकोचं शिलाई मशीन कितीतरी वर्षं भाड्याचंच होतं. “कात्री, कंगवा आणि बायको, एवढंच काय ते माझं,” असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. बायकोला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “कात्री-कंगव्याच्या रांगेत मला उभी करू नका.” मालक हसायचा. हसण्यावारी नेत होता खरा, पण आत कुठेतरी ते सलत होतं. साठी जवळ आली होती. आपण कशावर तरी हात ठेवावा आणि म्हणावं, हे माझं, एवढी साधी इच्छा होती बिचाऱ्याची.

आणि अशा माणसाच्या खुर्चीवर एक दिवस कॉम्प्युटरच्या दुकानात काम करणारं एक गिऱ्हाईक येऊन बसलं.

“घरी इंटरनेट आहे ना, मालक?” त्याने आरशातून विचारलं.

“आहे की. बायको शिवणाचे व्हिडिओ बघते.”

“आणि मोडेम? तो लाइट लुकलुकणारा डबा? तो कुणाचा?”

“कंपनीचा. कंपनीनंच आणून लावला.”

“मग त्याचं भाडं भरताय तुम्ही.”

मालकाची कात्री हवेतच थांबली. “त्याचंही भाडं असतं?”

“बिलात असतं, बारीक अक्षरात. आजवर जेवढं भरलं असेल तेवढ्यात असे किती डबे आले असते! दुकानातून स्वतःचा घ्यायचा, यांचा यांना परत करायचा. विषय संपला.”

त्या गिऱ्हाइकाचा डावा कल्ला त्या दिवशी जरा वर गेला, हे मालकाच्या आयुष्यात दुसऱ्यांदा घडलं. पहिल्यांदा कधी, ते पुढे येईलच.

सलून सोमवारी बंद असायचं. सोमवारी मालक मोडेम घेऊन आला. पिशवीत नव्हे, हातात. खोका सगळ्यांना दिसेल असा छातीशी धरून. बायको मशीनवर पडद्याची कड मारत होती. तिने चष्म्यावरून पाहिलं.

“काय आणलंत?”

“आपला आणला,” मालक म्हणाला. काय, ते सांगायचं राहूनच गेलं.

मग कपाट पुढे ओढणं आलं. कपाटामागे कंपनीचा डबा धूळ खात बसला होता. मालकाने त्याच्या सगळ्या वायरी पटापट उपटल्या. केस कापणाऱ्याचा हात हलका; भिंतीतून येणारी जाड केबल त्याने पेच फिरवावा तशी अलगद सोडवली आणि नव्या डब्याला फिरवून बसवली. विजेची वायर लावली. कंपनीला फोन करून डब्याच्या तळावरचा लांबलचक नंबर वाचून दाखवला. थोडा वेळ लाइट लाल-पिवळे झाले आणि मग हिरवे झाले. मालकाचा चेहरा त्यांच्याहून हिरवागार.

जमिनीवर एक वायर उरली होती. बारीक, राखाडी, टोकाला चौकोनी चिमटा असलेली.

“ही कुठली हो?” बायकोने विचारलं.

मालकाने नवा डबा उलटासुलटा करून पाहिला. तिच्यासाठी भोकच नव्हतं. “फालतू आहे,” तो म्हणाला. “जुन्या मशिनींना वायरी जास्त लागायच्या. हा नवा आहे, याचं कमीत भागतं.” आणि तिची व्यवस्थित गुंडाळी करून, रबर लावून, ती कपाटामागच्या खिळ्याला टांगून ठेवली. घड्याळ दुरुस्त केल्यावर एखादा स्क्रू हातात उरला तर माणसाने घाबरायला हवं. पण शहाणपण चढलेल्या माणसाला कोण सांगणार?

दुपारी तो कंपनीच्या ऑफिसात जुना डबा परत द्यायला गेला. तिथे भाषणाची काही गरज होती का? नव्हती. पण त्याने केलं. काउंटरवरच्या मुलीला तो म्हणाला, “हा घ्या तुमचा डबा. आजपासून मी तुमचा भाडेकरू नाही.”

मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, “काका, फोनची सेवासुद्धा याच्यावरच आहे. तीही बंद करायची ना?”

“सगळं बंद करा!” मालक म्हणाला. “तुमचं आता मला काही म्हणजे काही नको.”

मागे रांग होती. मुलीने फोन बंद करायचं बटण दाबलं. मालक ताठ मानेने पायऱ्या उतरला. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि ती काय बोलून बसली आहे याचा त्याला पत्ताही नव्हता.

आता त्या फोनबद्दल सांगायला हवं. मालकाच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी फळीवर एक जुना फोन होता, वेटोळ्यांच्या वायरचा, पोटाशी धरून उचलावा असा जड. नवरा-बायको दोघांकडे मोबाईल होते, त्यामुळे त्या फोनवर कुणीच फोन करत नसे. फक्त एकच माणूस करायचा. मालकाची आक्का, दर रविवारी सकाळी.

आक्का त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, वडील कामावर, तेव्हा धाकट्याला आक्कानेच वाढवलं. तो कात्री धरायला शिकत होता तेव्हा त्याच्या हाती डोकं द्यायला कोण तयार होणार? आक्काने दिलं. कमरेपर्यंतची वेणी सोडून ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, “काप. चुकलं तर वाढतील.” चुकलंच. एक बाजू कानाच्या वर, दुसरी खांद्यावर. ती कितीतरी दिवस डोक्याला रुमाल बांधून हिंडली आणि कुणी विचारलं तर सांगायची, फॅशन आहे. मालकाची पहिली चूक ती. पुढे इतक्या लोकांची डोकी त्याच्या हाताखालून गेली, पण ते डोकं तो विसरला नाही.

आता आक्का दूरच्या गावी मुलाकडे होती, आणि विसरायला लागली होती. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही. सुनेला नर्सबाई म्हणायची. गेल्या खेपेला मालक तिला भेटायला गेला, तर तिने त्याला ओळखलं नाही. तिच्या मनातला धाकटा काळ्याभोर केसांचा होता; हा टकलावर हात फिरवणारा माणूस कोण? त्याने तिचे केस कापले. कापून झाल्यावर ती मुलाला म्हणाली, “त्याला पैसे दे रे, दुरून आलाय.” आणि पुढच्या रविवारी फोनवर त्यालाच सांगत होती, “परवा एक माणूस आला होता केस कापायला. बरा होता, पण तुझा हात नाही त्याला.” मालक त्या दिवशी हसला का रडला हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

पण नंबर तिच्या बोटांत होता. मालकाने खोल्या बदलल्या, पण नंबर कायम तोच ठेवला. रविवारी सकाळी न्हाऊन, केस विंचरून झाले की आक्का आपल्या खाटेशेजारच्या फोनजवळ बसायची आणि बोटं आपोआप फिरायची. पलीकडून धाकट्याचा आवाज आला की ती पुन्हा पूर्वीची आक्का व्हायची. “जेवलास का? कात्रीला धार आहे ना?” तिथे ती चुकत नसे. आठवड्यातून तेवढा वेळ मालकाला बहीण होती, असं म्हटलं तरी चालेल.

तो नंबर पूर्वी भिंतीतल्या तारेवर होता. मधे कधीतरी कंपनीचा माणूस येऊन तो केबलवर घेऊन गेला होता आणि फोनची वायर कपाटामागून डब्यात खोचून गेला होता. मालक सलूनमध्ये, बायको मशीनवर. बघायला कोण गेलं होतं? म्हणजे ती फालतू वायर कुठली, ते तुम्हाला कळलंच असेल.

रविवारी फोन वाजला नाही. मालक चपला घालून दाराशी रेंगाळला. “झोपली असेल,” बायको म्हणाली. रविवार म्हणजे सलूनमध्ये झुंबड, मालक गेला.

आठवड्याच्या मधे भाच्याचा मोबाईलवर फोन आला. मालक एका गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवत होता. वस्तरा खाली ठेवून त्याने फोन घेतला.

“मामा, तुमचा घरचा फोन बंद आहे का?”

“नाही रे. का?”

“आई रविवारपासून नीट जेवत नाहीये. म्हणते, धाकटा गेला आणि तुम्ही सगळे माझ्यापासून लपवताय. फोन लावला तर बाई बोलली म्हणे, हा क्रमांक अस्तित्वात नाही. आई म्हणते, ‘बाई स्वतः सांगतेय नाही म्हणून, ती कशाला खोटं बोलेल?’”

“दे तिला. मी बोलतो.”

पलीकडे खुडबुड झाली. मग आक्काचा आवाज, परक्याशी बोलावं तसा गोड. “कोण?”

“आक्का, मी. धाकटा.”

ती म्हणाली, “तुम्ही भले आहात हो. माझ्या मुलाने सांगितलं असेल तुम्हाला असं बोलायला. पण माझा भाऊ गेला. रडतेय का मी? मग तुम्ही का रडताय?”

मालक खरंच रडत होता. भर सलूनमध्ये, अर्धी मान साबणाने माखलेल्या गिऱ्हाइकासमोर. शेठने न बोलता वस्तरा उचलला आणि उरलेली मान स्वतः केली. तो माणूस कधी कुणासाठी उठत नसे, पण त्या दिवशी उठला.

मालक घरी धावला. फळीवरचा फोन उचलून कानाला लावला. गुणगुण नाही, खरखर नाही. दगड कानाला लावावा तसा. मग त्याने कपाट ओढलं आणि खिळ्यावरची गुंडाळी पाहिली, रबर लावलेली, अगदी व्यवस्थित.

“हात दाखवून अवलक्षण केलं मी,” तो जमिनीवर बसून म्हणाला.

“बसू नका,” बायको म्हणाली. “रडायचं नंतर बघू. ऑफिस बंद व्हायच्या आत जा.”

काउंटरवर तीच मुलगी होती. मालकाला वाटलं, आता ही काहीतरी टोला हाणणार. तिने हाणला नाही. त्याचं ऐकून घेतलं आणि स्क्रीनवर पाहिलं.

“काका, तो नंबर तुम्ही सोडलात. आता तो मोकळ्या नंबरांत गेलाय, कुणालाही मिळू शकतो. आजच्या आज नवा नंबर देते ना मी तुम्हाला.”

“नवा नको. तोच हवा.”

“नंबरात काय असतं, काका? ज्यांना द्यायचाय त्यांना कळवायचं, ते सेव्ह करतील.”

“जिथे तो सेव्ह आहे ना बाळ,” मालक म्हणाला, “तिथे आता नवं काही सेव्ह होत नाही.” आणि मग त्याने सगळं सांगितलं. वेणी, रुमाल, रविवार, बाई स्वतः म्हणाली अस्तित्वात नाही, सगळं. मागे रांग होती, पण त्या दिवशी रांगेतलं कुणी घड्याळ पाहिलं नाही.

मुलीने आतल्या खोलीत फोन केला, मग स्वतः उठून आत गेली. बराच वेळ ती आलीच नाही. मालक काउंटरच्या कडेला दोन्ही हात टेकून उभा होता. त्याच्या आक्काच्या मनात तो जिवंत राहणार की नाही, हे आत कुणीतरी ठरवत होतं.

ती बाहेर आली. “मिळाला. अजून कुणाला दिला नव्हता.”

मालकाचा जीव भांड्यात पडला.

“पण काका,” ती जरा अडखळली, “तुमच्या डब्यावर फोन चालत नाही. फोनसाठी आमचाच मोडेम लागतो, आणि तो...” पुढचं बोलायला तिलाच अवघड झालं. आठवड्यापूर्वीचं भाषण तिनेच ऐकलं होतं ना.

“भाड्याने असतो,” मालकाने तिचं वाक्य पूर्ण केलं. “द्या. आणि बाळ, त्या दिवशी जरा जास्तच बोललो मी.”

शनिवारी फोनमध्ये गुणगुण आली. संपलं? कुठलं! भाच्याचा फोन आला, आणि नवंच कोडं. आक्का नंबर फिरवायलाच तयार नव्हती. “मेलेल्या माणसाला कुणी फोन करतं का?” ती विचारत होती. मालकाने इकडून तिच्या फोनवर लावून पाहिला, तर तिने घेतलाच नाही. ती कधीच घेत नसे. फोन आपण करायचा असतो, अशी तिची पक्की समजूत होती.

“तिला सांगूच नको काही,” मालक भाच्याला म्हणाला. “समजावू नको. उद्या नेहमीसारखी न्हाऊ घाल, केस विंचर आणि फोनजवळ बसवून तू खोलीबाहेर जा. डोकं विसरतं रे, हात विसरत नाही. माझं सगळं पोट त्याच्यावर चालतं.”

रविवारी मालक कामावर गेला नाही. सगळ्यात गर्दीचा दिवस, खुर्ची रिकामी आणि भाडं चालूच. फळीपाशी स्टूल घेऊन तो बसला. नव्या डब्याचं, त्याच्या स्वतःच्या, काय करायचं हा प्रश्न होता. खोका उघडलेला, दुकानदार परत घेईना. शेवटी बायकोने तो पुसून फळीवर ठेवला आणि त्याच्यावर फोन ठेवला. “आता वाजला की जरा उंचावरून वाजेल,” ती म्हणाली. मालक हसला नाही.

आक्काची नेहमीची वेळ आली आणि गेली. बायकोने दोनदा चहा केला, दोन्ही गार झाले. तिच्या मोबाईलवर शेठचा फोन आला, गिऱ्हाइकं खोळंबलीत म्हणून. तिने सांगितलं, “आज ते घरी आहेत,” आणि ठेवून दिला. मालक रिसीव्हर उचलून गुणगुण ऐकायचा आणि लगेच ठेवायचा, मधेच आक्काचा आला तर लागणार नाही या धास्तीने. मग पुन्हा उचलायचा. “ठेवा हो तो खाली!” बायको ओरडली.

त्याने ठेवला आणि फोन वाजला.

मालकाने पहिल्याच घंटेला उचलला. पण तोंडातून शब्द फुटेना. पलीकडेही कुणी बोलेना, नुसता श्वास. तिलाही वाटलं नसावं लागेल म्हणून. मग आक्का हळूच, चुकून कुणाच्या दारात आल्यासारखी म्हणाली:

“माफ करा हं. इथे माझा भाऊ राहायचा पूर्वी. तुम्ही नवे भाडेकरू का?”

मालकाने डोळे मिटले. त्याच्या हाताखाली त्याच्या हक्काचा डबा होता, आणि कपाटामागे भाड्याच्या डब्याचे हिरवे लाइट लुकलुकत होते.

“नाही गं आक्का,” तो म्हणाला. “जुनाच भाडेकरू आहे.”



“मेल्या!” आक्का कडाडली. “मग आठवडाभर कुठे उलथला होतास? ती बाई काय वाट्टेल ते सांगत होती मला! जेवलास का?”

“नाही अजून.”

“का नाही? कात्रीला धार आहे ना?”

“आहे गं, आहे.” तो हसत होता आणि नाक पुसत होता. बायको दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती.

“केस फार वाढलेत माझे,” आक्का म्हणाली. “तूच ये कापायला. त्या दुसऱ्याला पाठवू नकोस.”

“नाही पाठवत,” मालक म्हणाला. “मीच येतो.”